स्टॅफर्डशायरचा बार्न्स
इंग्लंडच्या काउंटी क्रिकेटमध्ये एक खालची पायरी होती, मायनर काउंटी. १८९५ पासून त्यांची वेगळी स्पर्धा. स्टॅफर्डशायर हा त्यातलाच एक क्लब. आणि १९०४ पासून तिथे बॉलिंग टाकत होता सिडनी बार्न्स. २७ कसोटी, १८९ विकेट! १९१३-१४ ला दक्षिण आफ्रिकेत तर ४ कसोटींत ४९. एका मालिकेतला हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

मग हा माणूस खालच्या पायरीवर काय करत होता? साधा हिशोब. मोठ्या काउंटीत रोज राबायचं, पगार मात्र बेताचा. १९०३ नंतर लँकेशायरशी त्याचं फाटलंच. त्यापेक्षा शनिवारी पैसे देणाऱ्या लीगची मॅच, अधेमधे स्टॅफर्डशायर, शिवाय कारकुनाची नोकरी. लोक त्याला खडूस म्हणायचे. मला विचाराल तर, त्याला स्वतःची किंमत ठाऊक होती, बस्स.

स्टॅफर्डशायरसाठी त्याने १४४१ विकेट घेतल्या, सरासरी जेमतेम आठ. १९३५ मध्येही खेळत होता, वय ६२! समोरच्या बॅट्समनची दयाच येते. अक्षरही सुंदर होतं त्याचं. नंतर काउंटी कौन्सिलचे दस्तऐवज तो हाताने लिहायचा.

चला, भेटू पुढच्या भागात.