पेटीतले कागद
(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बैठकीत कर्जावर बोलायला उभा राहणारा माणूस शेतमालाच्या भावापासून सुरुवात करतो. ते बरोबरच आहे. उत्पादनखर्च भरून निघेल असा भाव मिळाला नाही म्हणून कर्ज झालं, ही गोष्ट या मंडपात कुणाला शिकवायची गरज नाही. आज मी बोलणार आहे ते दुसऱ्याच कर्जाबद्दल. ते आपण इथंही काढत नाही आणि घरीही काढत नाही. दुसऱ्याचं कशाला, माझंच सांगतो.

माझी सहा एकर कोरडवाहू. चार एकर कापूस, दोन एकर ज्वारी. २०१७ साली बोंडअळीनं कापूस नेला, तिथून घसरण लागली. कृषी केंद्राची उधारी थकली. एकाकडून शेकडा तीननं पैसे उचलले आणि कोऱ्या स्टॅम्पवर सही करून दिली. बहिणीच्या घरून, दाजींकडून हातउसने घेतले. २०१९ च्या कर्जमुक्ती योजनेत बँकेचं जुनं कर्ज गेलं, सातबारा कोरा झाला, गावात पेढे वाटले. पण कोरा झाला तो फक्त बँकेचा रकाना. बाकीचे सगळे होते तिथंच होते. २०२१ ला नवं पीककर्ज काढलं. खरं सांगतो, त्यातले निम्मे पैसे रानात गेलेच नाहीत, शेकड्याच्या व्याजात गेले. त्या साली अतिवृष्टी झाली आणि बँकेचंही थकलं.

मग नोटिसा यायला लागल्या. मी त्या न उघडता पत्र्याच्या पेटीत टाकायचो. पोस्टमन दिसला की आडवाटेनं रानात जायचो. मनात एक आकडा धरून ठेवला होता, दीड लाख. तो कुठून आला हे मलाही सांगता येणार नाही. त्याच्यापेक्षा मोठा आकडा झेपत नव्हता, एवढंच.

पोरीच्या कॉलेजच्या कामाला सातबारा पाहिजे म्हणून घरच्या मंडळींनी पेटी उघडली. अकरा पाकिटं निघाली. मला वाटलं, आता भांडण होणार. ती म्हणाली, "अहो, वही घ्या."

त्या रात्री दोघं बसलो. बँकेचे व्याजासह १ लाख २० हजार. कृषी केंद्राचे ४६ हजार. शेकड्याचं मुद्दल ५० हजार. दाजींचे ४० हजार. तिच्या सोन्यावर काढलेले २५ हजार. किराणा ९ हजार. एका मित्राचे ५ हजार, ते मी विसरलो होतो, तिच्या ध्यानात होते. बेरीज आली २ लाख ९५ हजार. शेकड्याचे आणि दाजींचे तिला त्या रात्री पहिल्यांदा कळले. तो अर्धा तास कसा गेला ते मी इथं सांगत नाही.

आता हिशेब बघा. मला भीती होती बँकेची, कारण नोटीस तिची येत होती. बँकेच्या १ लाख २० हजारांवर १२ टक्क्यांनी धरलं तरी वर्षाचे १४ हजार ४०० होतात. शेकडा तीनच्या ५० हजारांवर वर्षाचे १८ हजार! निम्म्याहून कमी मुद्दल आणि व्याज जास्त. तो माणूस नोटीस पाठवत नव्हता, चौकात रामराम करायचा, म्हणून तो मला सोयीचा वाटत होता. सात वर्षांत मी त्याला मुद्दलाच्या दुपटीहून जास्त दिले होते आणि मुद्दल तसंच उभं होतं.

महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. परवाना असला तरी शेतकऱ्याकडून तारण कर्जाला वर्षाला ९ टक्के आणि बिनतारणीला १२ टक्के, याच्या वर व्याज घेता येत नाही. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, हा दामदुपटीचा जुना दंडकही त्यात आहे. सावकारीत जमीन लिहून घेतली असेल तर पंधरा वर्षांच्या आतल्या व्यवहारासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. पण अर्जात काय लिहिणार? किती घेतले, कधी घेतले, किती दिले, हे आपल्याकडे नसतंच. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले, कारण कागद फक्त त्यांच्याकडे होते. त्यानंतर १८७९ च्या कायद्यानं शेतकऱ्याला पावती आणि हिशेबाचा उतारा मागायचा हक्क दिला. दीडशे वर्षं होत आली, आपण अजून पावती मागायला लाजतो.

आम्ही काय केलं ते सांगतो. तसंच तुम्ही करावं असं नाही, प्रत्येकाचं घर वेगळं. ज्वारीचा कडबा दर वर्षी जनावरांपुरता ठेवून उरलेला असाच वाटला जायचा. तो विकला. एक गोऱ्हा विकला. मी आणि भावकीतले दोन जाणते त्या माणसाकडे गेलो, वही पुढं ठेवली, कायद्याचं नाव एकदाच घेतलं. मुद्दलात १५ हजार सोडले त्यानं, बाकीचे दोन हप्त्यांत घेतले आणि स्टॅम्प परत दिला. तो मी तिच्या हातात दिला.

कृषी केंद्रातून खात्याचा उतारा मागितला तर फवारणी पंपाचं बिल रोख देऊनही उधारीत निघालं. ते कमी झालं. तिथं एक गोष्ट उमगली. उधारीचा खरा खर्च व्याजात नसतो. औषधाचा उधारीचा भाव वेगळा, रोखीचा वेगळा, आणि कापूस त्याच्याच काट्यावर घालावा लागतो. सीसीआयला हमीभावानं घालावा म्हटलं तर पैसे बँकेच्या खात्यात येणार, आणि थकबाकीदाराच्या खात्यातून बँक ते वळते करून घेईल ही भीती. क्विंटलमागं ७०० रुपये कमी मिळाले तर माझ्या २० क्विंटलांत १४ हजार गेले.

बँकेत मी सगळ्यात शेवटी गेलो. एकरकमी परतफेडीचं विचारलं, पत्र लेखी मागितलं. ते प्रकरण अजून चालू आहे. तिथं कुणी मला खाल्लं नाही, एवढं मात्र सांगतो. वेळेत भरणाऱ्याला ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज २०२१ पासून राज्यात बिनव्याजी पडतं. थकलं की ती सवलत जाते, हे मला त्या दिवशी कळलं.

दाजींकडे जायला सगळ्यात जास्त दिवस लागले. त्या पैशांपायी मी सहा वर्षं राखीला गेलो नव्हतो, भाच्याच्या लग्नात अक्षता टाकून जेवण न करता निघालो होतो. पाच हजार घेऊन गेलो आणि राहिलेले तीन वर्षांत देतो म्हणालो. मला वाटलं, राहू द्या म्हणतील. दाजींनी पैसे मोजून घेतले, डायरीत लिहिले, तारीख टाकली. मग बहिणीला म्हणाले, "ताट वाढ."

जेवण झाल्यावर मी मंडपाच्या त्या टोकाला बसणार आहे. कुणी पाकिटं आणली असतील तर उघडू या. जोडीनं आला असाल तर दोघंही बसा.