एकशे वीस तासांचे मोल
(सुवर्णमहोत्सवानिमित्त शहाड येथे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



या मंगल प्रसंगी विद्यार्थ्यांच्या हिताचे चार शब्द सांगावेत, अशी आज्ञा विश्वस्तांनी केली. माझे आयुष्य वाणिज्य शाखेच्या अध्यापनात गेले. म्हणून आज ज्याची चर्चा घराघरांत होत आहे, तोच विषय मांडतो. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी पेढीवर, कारखान्यात किंवा कार्यालयात प्रत्यक्ष काम करावे आणि ते काम पदवीच्या हिशेबात जमा व्हावे, असा हा विषय आहे. यालाच इंटर्नशिप म्हणतात.

डॉक्टर होणाऱ्यास रुग्णालयात आणि सनदी लेखापाल होणाऱ्यास आर्टिकलशिपमध्ये उमेदवारी करावीच लागते. बी.कॉम.चा विद्यार्थी मात्र वडिलांच्या दुकानात वर्षानुवर्षे राबला, तरी गुणपत्रिकेत त्याची नोंद होत नसे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हे चित्र पालटले. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा नवा आराखडा दिला आणि महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने तो आपल्या राज्यास लागू केला. त्यानुसार तिसऱ्या वर्षी ‘ऑन जॉब ट्रेनिंग’साठी ४ श्रेयांक ठेवले आहेत.

श्रेयांक म्हणजे काय? सत्रभरात वर्गातील १५ तासांच्या अध्यापनास १ श्रेयांक मिळतो. प्रत्यक्ष कामाच्या बाबतीत ३० तासांस १ श्रेयांक, हे प्रमाण आहे. म्हणजे ४ श्रेयांकांसाठी १२० तास काम करावे लागते. तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक लागतात. त्यांत हे चार मोडतात. मिळालेले श्रेयांक २०२१ साली स्थापन झालेल्या ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होतात. आपणा व्यापाऱ्यांना खाते आणि जमा हे शब्द नव्याने समजावून सांगायला नकोत.

परंतु जमा खरी केव्हा? मागे जेमतेम पुरावा असेल तेव्हाच नव्हे, तर माल प्रत्यक्ष आला असेल तेव्हा. एक प्रसंग सांगतो. एका विद्यार्थ्याने १२० तासांचा दाखला आणला. सही-शिक्का व्यवस्थित होता. मी सहज विचारले, “बाळ, चलन आणि बिल यांत फरक काय?” तो गप्प राहिला. दाखला ओळखीच्या गृहस्थांनी दिला होता. मुलगा दुकानाची पायरीही चढला नव्हता. गृहस्थांना वाटले, आपण मुलाचे भले केले. प्रत्यक्षात त्याचे १२० तासांचे शिक्षण त्यांनी हिरावून घेतले. अदत्त घेऊ नये, अशी आपली शिकवण आहे. जे काम केलेच नाही, त्याचा श्रेयांक घेणे हे त्याहून वेगळे काय?

त्याच वर्षी दुसरी एक विद्यार्थिनी एका घाऊक दुकानात साठ्याची नोंदवही लिहीत होती. वही आणि गोदाम यांचा मेळ बसेना, तेव्हा तिने तीन दिवस बसून परत आलेल्या मालाची नोंद राहिल्याचे शोधून काढले. तिचा अहवाल चार पानांचाच होता, पण त्यातील अक्षर न् अक्षर तिचे होते. या मुलीचे वडील रोजंदारीवर होते. तिला जागा मिळवून देणारे कोणी ओळखीचे नव्हते. ती दारोदार फिरली, तेव्हा एका दुकानदाराने होकार दिला.

खरी अडचण येथे आहे. ज्याची ओळख, त्याला दाखला घरबसल्या. ज्याची ओळख नाही, त्याला नकार. शहाडला सेंच्युरी रेयॉनसारखा मोठा कारखाना आहे, शेजारी उल्हासनगरची बाजारपेठ, पलीकडे कल्याणची बाजार समिती आणि अंबरनाथ-डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहती. आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत व्यापार, किरकोळ विक्री, लघुउद्योग ही क्षेत्रेही आहेत. तेव्हा मोठ्या कंपनीचेच दार ठोठावले पाहिजे, असे नाही. आपली पेढीही शाळा होऊ शकते.

म्हणून व्यापारी बांधवांना माझी विनंती आहे. दरवर्षी एक-दोन विद्यार्थ्यांना पेढीवर घ्या. त्यांतील एक तरी आपल्या ओळखीबाहेरचा असावा. त्यास केवळ चहा आणावयास पाठवू नका. खरेदी, साठा, वसुली, कर यांतील एखादे काम सोपवा. हजेरी ठेवा आणि जितके तास काम झाले, तितक्याच तासांवर सही करा.

विद्यार्थ्यांनो, काम सुरू करण्यापूर्वी महाविद्यालयाची संमती घ्या, मार्गदर्शक अध्यापक कोण ते निश्चित करा आणि रोज काय शिकलो ते त्याच दिवशी लिहा. शेवटी अहवाल त्या रोजनिशीतूनच उभा राहतो.

पन्नास वर्षे या संस्थेने समाजाचा विश्वास जपला, तो चोख हिशेबामुळेच. तोच चोखपणा मुलांच्या श्रेयांकातही उतरावा, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!