माशांची ऊ

मुलीच्या हट्टाने आमच्या कोल्हापूरच्या घरात काचेची टाकी आली. त्यात चार गोल्डफिश. पाचवा आणला तो मी सरळ टाकीत सोडला. चूक तिथेच झाली.

आठवड्याभरात मासे दगडांना अंग घासू लागले. ‘अब्बा, यांना खाज येतेय,’ मुलगी म्हणाली. भिंगातून पाहिले, तर खवल्यांवर मसुराच्या डाळीएवढा चपटा, पारदर्शक जीव. हा आर्ग्युलस, म्हणजे माशांची ऊ. दोन गोल चूषकांनी ती अंगाला चिकटते आणि रक्त शोषते.

शेजाऱ्याने ढेकणाचे औषध सुचवले. तसे करू नका, त्याने मासेच मरतील. मासा ओल्या फडक्यात धरून मी चिमट्याने उवा काढल्या. पण मादी अंडी घालते ती काचेवर, दगडांवर. काही आठवड्यांनी त्यांतून पिल्ले निघतात. म्हणून महिनाभर काच खरवडली, दगड उन्हात कडक वाळवले. तरी तीन मासे गेले, दोन वाचले.

प्रवाळांच्या खाऱ्या टाकीतले किडे वेगळे, नियम मात्र हाच : नवा पाहुणा आधी काही आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावा. आता आमच्याकडे भिंग टाकीशेजारीच असते.