अमळनेरचे साने सर

शिक्षकांनो, लेखकांनो आणि शिफ्ट बदलून घेऊन इथवर आलेल्या मित्रांनो,

साने गुरुजींचं नाव निघालं की सभेत दोन गट पडतात. एकाच्या डोळ्यांत पाणी येतं, दुसरा मनातल्या मनात जांभई देतो. दोघांपुढे माणूस एकच असतो: खादीतला, हळवा, आईच्या आठवणीने रडणारा. पिंपरी-चिंचवडच्या या व्यासपीठावरून मात्र गुरुजींकडे जरा वेगळ्या जागेवरून पाहता येईल. ती जागा कारखान्याच्या गेटजवळ आहे. इथे खानदेशातून पोटासाठी आलेली कुटुंबं पुष्कळ, अहिराणी जागोजाग कानावर येते. त्यांच्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी या लेखकाला 'साने सर' म्हणून पाहिलेलं असणार.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. घर खोताचं, पण कर्जाने पोखरलेलं. आई १९१७ साली गेली, तेव्हा मुलगा शिकायला परगावी होता. एम.ए. होऊन १९२४ साली तो अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये मास्तर झाला. त्या गावी आधी ओढून नेलं होतं तिथल्या तत्त्वज्ञान मंदिराने. शंकराचार्यांचा अभ्यास करायला गेलेला हा माणूस शेवटी रमला तो मुलांच्या छात्रालयात.

छात्रालयात ते काय करत? मुलं शाळेत गेली की खोल्या झाडत, विस्कटलेली अंथरुणं नीट घडी घालून ठेवत, मळके कपडे धुऊन टाकत. बोलणं नाही, बोलणी खावी लागणं तर नाहीच. लाजून मुलंच हळूहळू कामाला लागत. शिवाय मुलांसाठी ते एक दैनिक काढत, हाताने लिहून. त्याचं नावही 'छात्रालय'. रोज मजकूर, रोज नवा, आणि वाचक शेजारच्याच खोलीत. कंटाळला तर तोंडावर कळणार! पुढे 'विद्यार्थी' हे छापील मासिक आलं, पण खरी तालीम त्या हस्तलिखित दैनिकात झाली असं मानायला जागा आहे. नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत, ९ तारखेला सुरू करून १३ तारखेला 'श्यामची आई' लिहून काढली, तीही दिवसाची नेमून दिलेली कामं सांभाळून. पुस्तक आलं १९३५ साली. पाच दिवसांचा हा चमत्कार सगळे सांगतात, त्यामागची छात्रालयातली हमाली सहसा कुणी सांगत नाही.

आता गेटजवळची गोष्ट. अमळनेरची शाळा, तत्त्वज्ञान मंदिर आणि कापडगिरणी, तिन्हींच्या मागे शेठजी एकच होते: श्रीमंत प्रतापशेठ. त्यांच्या नावाच्या शाळेत सहा वर्षं शिकवलेले साने सर १९३० च्या सत्याग्रहात नोकरी सोडून तुरुंगात गेले आणि काही वर्षांनी त्याच गावात गिरणी कामगारांच्या युनियनचे पुढारी म्हणून उभे राहिले. ज्याच्या संस्थेचं मीठ खाल्लं त्याच्याच कामगारांची बाजू घ्यायची, हा पेच चाकणच्या किंवा आकुर्डीच्या माणसाला समजावून सांगावा लागणार नाही. गुरुजींनी त्यावर फार वेळ घालवल्याचं दिसत नाही. धुळ्याची गिरणी बंद राहिली तेव्हा तर ती सुरू झाली नाही तर तापीत जलसमाधी घेईन, असा निर्धारच त्यांनी जाहीर केला. युनियनच्या पुढाऱ्याने हा मार्ग धरावा असं कुणी म्हणणार नाही, म्हणूही नये. पण ज्याला आपण नुसता रडवा म्हणतो, त्याच्या हट्टाची जात यातून कळते.

हा हट्ट आईकडूनच आलेला. 'श्यामची आई' पुन्हा उघडून पाहा. विहिरीत पोहायला जायच्या भीतीने श्याम लपून बसतो, तेव्हा ती त्याला कुरवाळत नाही. शिमटी घेऊन झोडपत बाहेर काढते. पत्रावळ लावता येत नाही म्हणून घरात त्याची मानहानी होते, तेव्हा त्याला शिकावंच लागतं. सिनेमाने आणि गॅदरिंगमधल्या नाट्यप्रवेशांनी या बाईला फार मऊ करून टाकलं. अत्र्यांच्या चित्रपटाला १९५४ साली राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, त्याचं कौतुक आहेच. पण पुस्तकातली आई त्याहून करडी आहे.

त्यातलाच एक प्रसंग. लाकडाची मोळी उचलता न येणाऱ्या म्हाताऱ्या महार बाईला हात लाव, असं आई श्यामला सांगते, आणि घरी आल्यावर अंघोळ कर असंही सांगते. माया होती, पण सोवळ्याची रेघ ओलांडलेली नव्हती. गुरुजींनी ती अंघोळ पुस्तकातून गाळली नाही, हा त्यांच्या लेखनातला प्रामाणिकपणा. आणि पुढे १९४७ साली, विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून महाराष्ट्रभर दौरा करून, पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात १ मेपासून ते उपोषणाला बसले. उपोषण थांबवा म्हणून गांधीजींची तार आली, तरी ते बसूनच राहिले. १० मेला ते सुटलं. आईने जिथे थांबायला सांगितलं होतं, त्याच्या पुढे मुलगा चालत गेला. आईचा महिमा गाणाऱ्या भाषणांतून हे नेमकं सुटतं.

पुढची तीन वर्षं त्यांना सोसली नाहीत. गांधीहत्येनंतर २१ दिवसांचं उपोषण, १५ ऑगस्ट १९४८ ला 'साधना' साप्ताहिक, पुतणी सुधाला लिहिलेली पत्रं, आणि ११ जून १९५० रोजी स्वतःच्या हाताने संपवलेलं आयुष्य. मुलांच्या चरित्रपुस्तकांत हा शेवट बहुधा एका ओळीत उरकतात. मोठ्यांच्या सभेत तरी तो झाकू नये. इतरांचं दुःख सतत अंगावर घेणाऱ्या माणसाला आधार लागतो, तो त्यांना पुरेसा मिळाला नाही एवढं तरी म्हणता येईल.

आपल्या कामाचा प्रश्न असा की, म्हाळुंगे-निघोजेच्या खोल्यांत आज जी पोरं वाढतात ती मराठी बालसाहित्यात कुठे आहेत? आई फर्स्ट शिफ्टला, बाप सेकंडला, दाराची किल्ली शेजारच्या काकूंकडे. घरात अहिराणी किंवा वऱ्हाडी, गल्लीत हिंदी, शाळेत पुस्तकी मराठी. कंत्राट संपलं की वर्षाच्या मध्येच शाळा बदलायची. या पोरांना पालगडची विहीर सांगावी, जरूर सांगावी, पण त्यांच्या नळावरच्या रांगेची गोष्ट कुणी लिहायची?

म्हणून या संमेलनापुढे एकच सूचना ठेवावीशी वाटते. पुरस्कारांच्या ठरावांत आणखी एकाची भर घालण्यापेक्षा, इथल्या लेखकांनी दोघा-दोघांनी मिळून कामगार वस्तीजवळची एकेक शाळा धरावी आणि तिथे हाताने लिहिलेलं भित्तिपत्र सुरू करावं. मजकूर मुलांचा, बोली त्यांच्या घरची. शुद्धलेखनाची लाल शाई पहिल्या वर्षी दप्तरात राहू द्यावी. कागदाचा खर्च संयोजकांनी उचलावा. ज्यांची तयारी असेल त्यांनी जेवणाच्या सुट्टीत व्यासपीठाशेजारच्या टेबलावर शाळेचं नाव आणि आपल्या साप्ताहिक सुट्टीचा वार लिहून द्यावा, म्हणजे वाटपाचं काम आज संध्याकाळपर्यंत उरकेल.