संकटग्रस्त कुटुंब आणि आपले कर्तव्य

(खंडाळा येथील वार्षिक ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच पार पडला. अशा आनंदाच्या प्रसंगी दुःखाचा विषय काढणे औचित्यास धरून नाही, असे कोणास वाटेल. परंतु ज्या घरी आनंद नांदतो त्या घरास संघाची फारशी निकड नसते. ज्या घराचा कर्ता गेला, अंथरुणास खिळला किंवा ज्याची नोकरी सुटली, त्या घरासच संघाची खरी प्रचीती यावयाची असते. म्हणून कार्यकारी मंडळाने सुचविलेला हा विषय मी कर्तव्यबुद्धीने आपणांपुढे मांडीत आहे.

परस्परसाहाय्य आपणांस कोणी बाहेरून येऊन शिकविलेले नाही. नांगरटीस बैल कमी पडले तर इर्जिक होई. भांगलणीस हात कमी पडले तर सावड होई. ज्या घरी मृत्यू झाला त्या घरी चूल पेटत नसे, आणि शेजारपाजारची मंडळी भाकरी-कालवण घेऊन दारी उभी राहत. साताऱ्याकडची माणसे मुंबईस गिरण्यांत व गोदीत गेली, तेव्हा गिरणगावात एका गावाची माणसे एका खोलीत राहिली. गावाहून नवा आलेला तरुण काम लागेपर्यंत त्या गावकीच्या खोलीच्या आधारावर दिवस काढी. या व्यवस्थेस घटना नव्हती की पावतीपुस्तक नव्हते. शब्द हेच तिचे भांडवल होते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्या खोल्यांचा आधारही विरळ झाला.

तथापि आपल्या या थोर परंपरेत एक उणीव आहे, आणि ती स्पष्ट बोलून दाखविणे अवश्य आहे. आपली मदत तेराव्या दिवशी संपते. कुटुंबाचे संकट मात्र चौदाव्या दिवशी सुरू होते. तेरा दिवस घर माणसांनी भरलेले असते. दुखवट्याच्या टोप्या, टॉवेल व पातळे यांचा ढीग पडतो. चौदाव्या दिवशी पाहुणे पांगतात आणि मागे उरतात सोसायटीचा हप्ता, दवाखान्याचे बिल, दुकानाची उधारी व मुलांची फी. कित्येकदा तेराव्याच्या जेवणावळीचे कर्जही त्यातच मिळते. त्या वेळी त्या माउलीजवळ कोण असते, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या मनास विचारावा.

बंधुभगिनींनो, आधार सर्वस्वी नाही असे नाही. तो कोठे आहे हे ठाऊक नसते, ही खरी अडचण आहे. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करावी. उशीर झाला की हेलपाटे वाढतात. सातबाऱ्यावरील वारसनोंदीसाठी ३ महिन्यांच्या आत तलाठ्याकडे अर्ज द्यावा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वर्षे वयाचा कर्ता गेल्यास राष्ट्रीय कुटुंबसाहाय्य योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. निराधार विधवेसाठी १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिचे दरमहा अनुदान २०२३ साली १,५०० रुपये झाले. या दोहोंची चौकशी तहसील कचेरीत करावी. आई किंवा वडील गमावलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना असून तिचे काम जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे आहे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवणे बंधनकारक आहे. स्त्रियांस उत्पन्नाची अट न लावता मोफत विधिसाहाय्य देण्याची तरतूद १९८७ च्या कायद्यात आहे.

याच ओघात एक नाजूक गोष्ट सांगतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पत्नीस पतीच्या मिळकतीत मुलांच्या बरोबरीने वारसाहक्क दिला आहे. असे असता, डोळ्यांतील पाणी खळले नाही तोच तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते, हे आपण सर्वजण जाणतो. दुःखाच्या भरात घेतलेली सही ही संमती नव्हे. अशा वेळी भावकीतील वडील माणसाने, “सुनबाई, आज सही करू नकोस, आधी कागद वाचून घे,” इतके म्हटले तरी ते शंभर पातळांहून मोठे साहाय्य होईल.

आता हे कार्य कोणत्या भावनेने करावयाचे? उत्तरासाठी दूर जाण्याचे कारण नाही. याच खंडाळा तालुक्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. फसविल्या गेलेल्या विधवांसाठी त्यांनी व जोतीरावांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तेथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत यास त्यांनी दत्तक घेऊन डॉक्टर केले. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करीत असतानाच १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. त्यांनी आधी जात विचारून मग हात पुढे केला नाही. साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली वसतिगृह काढले, तेव्हा त्यात सर्व जातींची मुले एकत्र जेवू लागली; आणि त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. ज्ञातीचा संघ म्हणून आपण आपल्या माणसांपासून आरंभ करू; परंतु शेजारच्या घरी चूल पेटली नाही आणि ते घर आपल्या ज्ञातीचे नाही म्हणून आपण स्वस्थ बसलो, तर नायगावचे नाव घेण्याचा अधिकार आपणांस राहणार नाही.

माझ्या सूचना थोड्या आहेत. पहिली, प्रत्येक गावी दोन कार्यकर्ते नेमावे. त्यांपैकी एक भगिनी असावी. त्यांनी पंधराव्या दिवशी त्या घरी जावे, कागदपत्रे पाहावी आणि कचेरीत सोबत जावे. एकट्या स्त्रीस परत पाठविणे सोपे असते. बरोबर माणूस असला की अर्ज हलतो. दुसरी, दुखवट्यास कापडाऐवजी रोख रक्कम पाकिटात घालून घरच्या स्त्रीच्या हाती द्यावी, आणि जेवणावळीचा आग्रह कोणी धरू नये. तिसरी, संघाच्या शिलकेतून एक आपत्तिनिधी वेगळा काढावा. त्यातील साहाय्य आठ दिवसांच्या आत मिळावे, आणि घेणाऱ्याचे नाव सभेत अगर स्मरणिकेत कधीही येऊ नये. देणगीदारांची यादी अवश्य छापावी. घेणाऱ्याची लाज मात्र झाकावी. चौथी, नोकरी सुटलेल्याच्या घरी आपण होऊन जावे. कारण मृत्यूची वार्ता गावभर होते, बेकारीची होत नाही.

संघाचे सभागृह व्हावे ही आपणां सर्वांची इच्छा आहे व ती योग्यही आहे. परंतु निधी दोन्हींस पुरणार नसेल, तर सभागृह एक वर्ष थांबू शकते. मुलाची परीक्षा थांबू शकत नाही. या गोष्टीचा विचार आजच्या सर्वसाधारण सभेने करावा, अशी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.