ताबा कोणाचा, कोणावर?

 

अपरिग्रहाविषयी आपण गुरुमुखातून पुष्कळ ऐकले आहे. म्हणून आज प्राचीन ग्रीक भाषेतील काही शब्दांकडे आपले लक्ष वेधू इच्छितो.

ग्रीकमध्ये 'क्रातोस' म्हणजे सत्ता. त्यावरून 'एन्क्रातेस' हे विशेषण आले. एखादे नगर वा वस्तू ज्याच्या ताब्यात आहे, तो एन्क्रातेस. आणि स्वतःच्या वासना ज्याच्या ताब्यात आहेत, तोही एन्क्रातेस. आपला 'ताबा' हा शब्दही जसा दुकानावर चालतो, तसाच जिभेवरही! त्या संयमाचे नाव 'एन्क्रातेइया'. संयम हा सद्गुणांचा पाया होय, हे सॉक्रेटिसाचे मत झेनोफोनने 'मेमोराबिलिया' या ग्रंथात नोंदविले आहे.

'एखेइन' म्हणजे जवळ असणे, धरणे. त्यातूनच 'प्लेओनेक्सिया', म्हणजे अधिकाची हाव, हा शब्द झाला. त्याच क्रियापदाच्या कर्मणी रूपाचा अर्थ होतो 'धरले जाणे'. धरणारा कधी धरला जातो, हे त्यालाही कळत नाही. आपल्या 'परिग्रह' शब्दातही धरणेच आहे. आणि तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून नव्हे, तर मूर्च्छेवरून केली आहे.

ॲरिस्टॉटल (इ.स.पू. 384–322) 'निकोमॅकियन एथिक्स'च्या सातव्या भागात आणखी एक भेद करतो. वासना उसळत असताही जो तिला आवरतो, तो एन्क्रातेस. ज्याच्या मनात अनुचित वासनाच उठत नाही, तो 'सोफ्रोन'. येथे आपल्याकडील उपशम आणि क्षय यांचे स्मरण होते. अकराव्या गुणस्थानावरून जीव खाली येतो, कारण तेथे मोह दबलेला असतो, नष्ट झालेला नसतो. अर्थात दोन्ही विचार एक नव्हेत. ग्रीकांचे लक्ष्य इहलोकीचे सुजीवन, तर आपले लक्ष्य मोक्ष.

आपण श्रावक. मोहाचा क्षय दूर असला, तरी संयमासाठी परिग्रह-परिमाण हे पाचवे अणुव्रत आपल्या हाती आहे. मात्र मर्यादेचा आकडा इतका मोठा ठेवायचा की तो आयुष्यात गाठलाच जाऊ नये, ही पळवाट आपणा व्यापाऱ्यांना चांगलीच परिचित आहे. असे व्रत वहीत राहते, मनावर ताबा हावेचाच राहतो. वर्षअखेरीस आपण मालाचा थानन् थान मोजतो; 'इतके पुरे' हा आकडा मात्र कोणत्याच खात्यात नसतो.

या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक घराने तो प्रामाणिक आकडा ठरवावा, गुरुसाक्षीने तसा नियम घ्यावा आणि त्यावरील धन धर्मकार्यी लावावे, ही नम्र विनंती.

जय जिनेंद्र!