काचेच्या भिंती आणि मुंबईचे ऊन

मुंबईसारख्या उष्ण आणि दमट शहरात इमारतीचा संपूर्ण दर्शनी भाग काचेचा करणे ही रचनेतली मूलभूत चूक आहे. वास्तुविशारदांच्या या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषणाचा विषय तोच आहे. वर्षभराच्या कामकाजाचा आढावा घेण्याची प्रथा असली, तरी शुल्क, परवानग्या आणि शिक्षण या विषयांवर स्वतंत्र सत्रे असल्याने येथे त्यांचा नुसता उल्लेख पुरे.

शहराचा पालट गिरणगावात सर्वाधिक ठळक दिसतो. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्यांना घरघर लागली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमानुसार गिरण्यांची जमीन महापालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात वाटली जायची होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी मोकळ्या जागेपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. लोअर परळमध्ये धुराड्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. त्यांच्या उंचीवर पुष्कळ वाद झाला, त्यांच्या भिंतींवर मात्र जवळजवळ नाहीच.

मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. दुपारचा सूर्य बहुतेक वर्षभर उंच असतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो किंचित उत्तरेलाही जातो. हे ऊन छज्जा अडवतो. संध्याकाळचे पश्चिमेचे तिरपे ऊन छज्ज्याला दाद देत नाही. त्यासाठी खोल गॅलरी, जाळी किंवा झडपांची खिडकी लागते. जाड भिंती, उंच छत, दारावरची हवेची झडप आणि समोरासमोरच्या खिडक्या ही जुन्या इमारतींची बाकीची व्यवस्था. उलट, काचेतून आत आलेल्या उन्हाने जमीन आणि सामान तापते आणि त्यांची उष्णता काच सहजी बाहेर जाऊ देत नाही. मग वातानुकूलन अखंड चालवावे लागते. परावर्तक लेपाने उष्णता कमी होते, पण झळ समोरच्या इमारतीवर जाते. आगीच्या वेळी धूर बाहेर काढण्यासाठी जवानांना काचाच फोडाव्या लागतात.

या व्यवसायात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, जुने ते जपावे. दुसरा म्हणतो, जमिनीच्या भावापुढे इलाज नाही. अध्यक्षांच्या दीर्घ अनुभवातली दोन ठिकाणे या वादाचा निकाल लावायला पुरेशी आहेत. लालबागच्या एका चाळीची मोजणी वैशाखात, दुपार कलताना झाली. पश्चिमेच्या गॅलरीचा कठडा हात लावू नये इतका तापला होता; दारात मात्र एक आजी फरशीवर बसून गहू निवडत होत्या. ऊन उंबऱ्यापर्यंत पोचतच नव्हते. जवळच्याच एका नव्या कचेरीत त्या सुमारास पश्चिमेकडच्या कर्मचाऱ्यांनी काचेला खाकी कागद चिकटवले होते, पडदे ओढले होते आणि बाहेर लख्ख ऊन असताना आत दिवे लावले होते.

अर्थात, चाळीतल्या रहिवाशाला मोठे घर आणि स्वतःचे शौचालय हवे असते. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्यांना जुन्याची महती सांगणे हा अन्याय आहे. पण मोठ्या घरासाठी सावली सोडावी लागत नाही. मनोऱ्यालाही गॅलरी देता येते. चटईक्षेत्राच्या हिशेबात तीच प्रथम कापली जाते. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या २०१७ च्या आवृत्तीत विहित निकषांचा मार्ग निवडणाऱ्या व्यापारी इमारतीला भिंतीच्या ४० टक्क्यांपर्यंतच खिडक्यांची मुभा आहे. म्हणजे जाणकारांचे मत स्पष्ट आहे. उणीव आहे ती ठामपणाची. बिल्डरने मागितली म्हणून काच द्यायची, तर आराखड्यावर वास्तुविशारदाची सही कशासाठी?

अधिवेशनापुढे तीन कामे आहेत. पाडल्या जाणाऱ्या प्रत्येक जुन्या इमारतीचे मोजमाप आणि नकाशे आधी करून ठेवावेत. पश्चिमेच्या भिंतीसाठी सावलीचे काही नमुना तपशील तयार करून सभासदांना द्यावेत. खोल गॅलरी आणि छज्जे चटईक्षेत्रातून वगळण्याची मागणी शासनाकडे लावून धरावी. यांची रूपरेषा कार्यकारिणीने ठरवावी. पण पश्चिमेला उघडी काच असलेल्या आराखड्यावर सही न करण्याचा निर्णय प्रत्येक सभासदाला आजच घेता येईल.